अनुदान मिळालेला चित्रपट लोकांना पाहायला मिळाला पाहिजे

मराठी चित्रपटाविषयीची आपली सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा चित्रपटगृहाच्या दाराशी येऊन थांबते. मराठीला मल्टिप्लेक्समध्ये पडदा मिळत नाही, मिळालाच तर अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो, पहिल्या आठवड्यातच चित्रपट उतरवला जातो, या तक्रारी खऱ्या आहेत आणि 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समधील मराठीच्या प्राइम टाइमचा विषय हाती घेतला तो त्यांच्यामुळेच. पण चित्रपटाचे आयुष्य त्या दोन-तीन आठवड्यांपुरते नसते. त्यानंतरची वीस, तीस, पन्नास वर्षे तो पाहिला जायचा असेल तर घरातल्या पडद्यावरच, आणि तिथे तो मिळेल की नाही, मिळाला तर कोणत्या अवस्थेत मिळेल, याचा विचार आपल्या सांस्कृतिक धोरणात जवळपास होतच नाही. माझे म्हणणे असे आहे की ज्या मराठी चित्रपटाला राज्याच्या तिजोरीतून अनुदान मिळाले आहे तो ठरावीक मुदतीनंतर कोणालाही घरबसल्या, विनामूल्य आणि चांगल्या प्रतीत पाहता आला पाहिजे. आणि दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांचा जो साठा अजून शिल्लक आहे त्यालाही हाच न्याय लागला पाहिजे.

हा विचार मनात बरीच वर्षे घोळत होता, पण तो पक्का झाला गेल्या पावसाळ्यातल्या एका महिन्यात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आत्या आमच्याकडे राहायला आली होती. हिंडणे-फिरणे बंद, वाचायला बसले की डोळ्यांना त्रास, म्हणून रोज संध्याकाळी काहीतरी पाहायचे असे ठरले. काय पाहायचे ते तिने सांगायचे आणि शोधून लावायचे मी. तिने सांगितलेली नावे म्हणजे एका जाणत्या प्रेक्षकाची साठ वर्षांची वाटचाल होती. प्रभातचे चित्रपट, ‘श्यामची आई’, तिच्या तरुणपणीचे तमाशापट, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट, नव्यांपैकी ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’, आणि मुंबई दूरदर्शनवरचे ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’. यातले काही लगेच सापडले, काही दोन-तीन ठिकाणी शोधून सापडले, काही मिळाले ते न मिळाल्यासारखेच. एक चित्रपट रविवारी पाहू म्हणून बाजूला काढून ठेवला होता, तो रविवारपर्यंत त्या सेवेवरून गेलेला होता. दुसरा आम्हाला पुण्यात दिसला, पण आत्याच्या मुलाला टोरांटोत दिसेना, त्यामुळे फोनवर दोघांनी मिळून पाहायचा तिचा बेत राहून गेला. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले ठरावीक विनोदी चित्रपट मात्र, तिने एकदाही मागितले नसताना, जिथे जावे तिथे पहिल्या ओळीत उभे होते. त्या चित्रपटांविषयी माझी काहीच तक्रार नाही. मराठी चित्रपटसृष्टी त्यांनी कठीण काळात जगवली. पण एवढ्या मोठ्या परंपरेतला एवढाच तुकडा सतत समोर राहिला, तर पुढच्या पिढीला मराठी चित्रपट म्हणजे एवढाच असे वाटेल आणि त्यात तिचा दोष नसेल.

प्रतींची अवस्था हा तर वेगळाच विषय आहे. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चौरस असते, आजच्या टीव्हीची आडवी. ही आडवी जागा भरून काढण्यासाठी कोणीतरी चित्र ओढून रुंद करतो, नाहीतर वरून आणि खालून कापतो. आम्ही पाहिलेल्या एका कृष्णधवल चित्रपटात जात्यावर दळण दळणारी बाई होती, पण तिचे हात आणि जाते चौकटीबाहेर गेले होते. दिसत होते ते फक्त पुढेमागे होणारे खांदे. पुढे एका प्रसंगानंतर दृश्य एकदम तुटले. आत्या म्हणाली, “अगं, इथं गाणं होतं,” आणि तिने त्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. गाणे का गेले असेल? कधीतरी वाहिनीने वेळेत बसवण्यासाठी कापले असेल, किंवा हक्कांचा काही प्रश्न असेल. कारण काहीही असो, ज्याने तो चित्रपट पूर्वी पाहिलेला नाही त्याला तिथे गाणे होते हे कळण्याचा मार्गच नाही. फुकट मिळणाऱ्या अशा अनेक प्रतींचे मूळ दोन हजारच्या दशकातल्या व्हीसीडीत आहे. व्हीसीडीच्या एका चित्रात 352 गुणिले 288 एवढेच बिंदू असतात. आज घरोघरी येणाऱ्या फोर-के टीव्हीवर त्याच्या सुमारे 80 पट बिंदू असतात. ते पुसट चित्र त्या मोठ्या काचेवर ताणले की नटाचा चेहरा म्हणजे हलणारा डाग होतो, आणि मग घरातली मुले जुने चित्रपट असेच असतात असे समजून उठून जातात. वास्तविक 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये भरपूर तपशील असतो. तो आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

यात कोणा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. पैसे भरून पाहायच्या सेवा चित्रपट विकत घेत नाहीत, काही वर्षांसाठी दाखवण्याचा परवाना घेतात. मुदत संपली, पाहणाऱ्यांचा आकडा पुरेसा वाटला नाही, की तो परवाना पुढे चालवत नाहीत. व्यवसाय म्हणून हे योग्यच आहे. चुकते ते आपले, कारण संग्रहालयाने आणि ग्रंथालयाने करायचे काम आपण काही न ठरवता त्यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. ‘द डिसायपल’सारखा व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळवणारा मराठी चित्रपट 2021 मध्ये थेट जगभरातल्या घरांत पोहोचला, याचा मला मनापासून आनंद आहे, पण पोहोचवण्याची ताकद आणि सांभाळण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी कोणीतरी आवर्जून घ्यावी लागते.

ती न घेतल्यास काय होते हे महाराष्ट्राइतके कोणी अनुभवलेले नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला, त्यानंतर बोलपट येईपर्यंत देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांपैकी पूर्ण किंवा तुटक स्वरूपात उरले आहेत ते जेमतेम तीसेक. बाबूराव पेंटर यांचा 1925 चा मूक ‘सावकारी पाश’, ज्याचा उल्लेख भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून पुस्तकापुस्तकांत होतो, तो आज कोणालाच पाहता येत नाही. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी हयात घालवून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून फाळक्यांचे काही अवशेष तरी हाती आहेत. त्याच पुण्यात 2003 च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्मसह पुष्कळ काही जळाले. नायट्रेट पेट घेते हे सगळ्यांना ठाऊक होते. अशा फिल्मची वेळीच दुसऱ्या माध्यमात प्रत काढून ठेवणे हाच त्यावरचा उपाय असतो, आणि तो नेहमीच पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर ढकलला जातो.

जे जुने ते धोक्यात आणि जे नवे ते सुरक्षित, असा मात्र यातून कोणी अर्थ काढू नये. माझ्या समजुतीप्रमाणे उलट परिस्थिती आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत फिल्मवरचे चित्रीकरण थांबले, रसायनशाळा एकामागून एक बंद पडल्या, आणि चित्रपट म्हणजे हार्ड डिस्कवरची फाइल झाली. चित्रपटगृहात जाणारी प्रत बहुधा कुलूपबंद असते. तिची किल्ली ठरावीक पडद्यासाठी आणि ठरावीक दिवसांपुरती चालते, मुदत सरली की डिस्क हातात असूनही चित्रपट उघडत नाही. कुलूप नसलेली मूळ प्रत निर्मात्याच्या कार्यालयातल्या कपाटात असते. हार्ड डिस्क वर्षानुवर्षे न लावता पडून राहिली तर ती चालू होईलच असे नाही, आणि चुंबकीय टेपवर घेतलेली प्रतसुद्धा काही वर्षांनी नव्या पिढीच्या टेपवर उतरवून घ्यावी लागते, कारण जुनी टेप वाचणारी यंत्रे बाजारातून जातात. आपल्याकडचे पुष्कळ निर्माते एकाच चित्रपटाचे निर्माते असतात. कोणी शेती गहाण टाकून, कोणी मित्रांकडून वर्गणी काढून चित्रपट केलेला असतो. त्यांच्याकडे वातानुकूलित साठवण आणि दर काही वर्षांनी प्रती बदलण्याची यंत्रणा असावी ही अपेक्षाच अन्याय्य आहे. 1953 च्या चित्रपटाची निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत ठेवली तर टिकते. 2013 च्या चित्रपटाकडे सतत कोणाचे तरी लक्ष असावे लागते, आणि ते लक्ष देणारे आज कोणी नेमलेले नाही.

दूरचित्रवाणीची कथा याहून वाईट आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढची वीस वर्षे मराठी घरांतला तो एकमेव पडदा होता. ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, लेखकांच्या आणि गायकांच्या मुलाखती, नाट्यावलोकने, शनिवारचा मराठी चित्रपट हे सगळे एकाच केंद्रातून येत होते. त्या काळी टेप महाग होत्या, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून पुन्हा वापरणे ही रीतच होती. भारतातच नव्हे, जगभर. जे गेले त्याबद्दल आज कोणाला जाब विचारून उपयोग नाही. जे उरले आहे ते मात्र जनतेच्या पैशातून, सार्वजनिक संस्थेने, सार्वजनिक स्टुडिओत तयार केलेले आहे. प्रसार भारतीने जुन्या साठ्यातील कार्यक्रम यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली आहे आणि नोव्हेंबर 2024 पासून ‘वेव्ह्ज’ ही स्वतःची सेवाही चालू केली आहे, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. तरीही मराठी कार्यक्रम तिथे तारीख, निर्माता, सहभागी कलावंत अशा नोंदींसह शोधता येत नाहीत, आणि नोंद नसलेला साठा हा अभ्यासकाला काय किंवा सामान्य प्रेक्षकाला काय, फारसा उपयोगी पडत नाही. मोडीत लिहिलेल्या कागदांची सूची करणारी माणसे या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या निपजली. पन्नास वर्षांच्या दृश्यसाठ्याची सूची करणे आपल्याला न झेपणारे नाही.

आता पैशाचा प्रश्न, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मराठी चित्रपटाला मदत करण्याचे धोरण महाराष्ट्राने 1975 च्या करपरतावा योजनेपासून चालवले आहे. पुढे दर्जेदार चित्रपटांसाठी अनुदानाची पद्धत आली आणि गेल्या दशकभरात समितीने ‘अ’ दर्जा दिलेल्या चित्रपटाला 40 लाख, ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला 30 लाख अशी रक्कम ठरलेली होती. ही मदत मिळायलाच हवी, किंबहुना वेळेवर मिळायला हवी. पण जो पैसा शेतकऱ्यापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांच्या करातून जातो त्याच्या बदल्यात समाजाला नेमके काय मिळते? आज मिळते ते एवढेच की चित्रपट तयार होतो. तो पुढे कोणाला दिसतो की नाही याच्याशी अनुदानाचा संबंध संपलेला असतो. जो मराठी चित्रपट यवतमाळच्या किंवा सावंतवाडीच्या चित्रपटगृहात कधी लागलाच नाही, त्याचा खर्च तिथल्या माणसाने उचललेला आहे आणि दहा वर्षांनीही तो त्याला पाहता येत नाही, हे कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही.

पुस्तकांच्या बाबतीत आपण असे होऊ दिले नाही. 1954 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर देशातल्या चार ग्रंथालयांना प्रत देण्याचे बंधन घातले आणि त्यांपैकी एक प्रत मुंबईतच येते. शिवाय 1967 च्या ग्रंथालय कायद्याने राज्यभर हजारो सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान देऊन ती पुस्तके वाचकाच्या हातापर्यंत जातील अशी सोय केली. म्हणजे जतन आणि वाचन या दोन्ही बाजू कायद्याने बांधल्या. चित्रपटाबाबत यातली एकही बाजू बांधलेली नाही. फ्रान्सने 1992 च्या कायद्याने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचीही प्रत जमा करणे सक्तीचे केले आणि त्यांच्या राष्ट्रीय दृकश्राव्य संस्थेने 2006 मध्ये आपल्या साठ्याचा काही भाग लोकांना घरबसल्या खुला केला. दक्षिण कोरियाच्या चित्रपट संग्रहालयाने आपले जुने चित्रपट उपशीर्षकांसह यूट्यूबवर विनामूल्य ठेवले आहेत, आणि आज कोरियन चित्रपटाचा अभ्यास करणारा मुंबईतला विद्यार्थी 1960 च्या दशकातला कोरियन चित्रपट मराठी चित्रपटापेक्षा सहज आणि स्वच्छ प्रतीत पाहू शकतो. हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटते.

निर्मात्यांचा आक्षेप सर्वांत आधी विचारात घ्यायला हवा, कारण त्यांचे पोट यावर आहे. चित्रपट फुकट दाखवला तर आमच्या कमाईचे काय, असे ते विचारतील. म्हणूनच मुदत ठेवावी. माझ्या मते प्रदर्शनापासून सात वर्षे. बहुतेक मराठी चित्रपटांची जी काही विक्री व्हायची ती पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन जाते आणि नंतर वाहिन्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ज्या थोड्या चित्रपटांना सात वर्षांनंतरही बाजार असेल त्यांच्या निर्मात्यांना दुसरीकडे विकण्याची मुभा तशीच राहावी. सरकारला हवा तो फक्त एक, बिगरव्यापारी दाखवण्याचा हक्क. खरी अडचण गाण्यांची आहे. गाण्यांचे हक्क बहुधा चित्रपट पूर्ण होण्याआधीच वेगळ्या संगीत कंपनीला विकलेले असतात आणि त्या करारात अशा सार्वजनिक प्रसारणाचा विचार केलेला नसतो. त्यामुळे ही अट चित्रपट पूर्ण झाल्यावर घालून भागणार नाही. ज्याला पुढे अनुदानासाठी अर्ज करायचा आहे त्याने संगीत कंपनीशी करार करतानाच हा हक्क राखून ठेवला पाहिजे, आणि त्यासाठी कराराचा नमुना राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने आधीच उपलब्ध करून द्यायला हवा.

जुन्या चित्रपटांपुढे तर हा प्रश्नच येत नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे टिकतो. 1964 सालापर्यंतचे सर्व चित्रपट म्हणजे प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’, आचार्य अत्रे यांचा 1953 चा ‘श्यामची आई’, हे आता कायद्याने सर्वांचे आहेत. ते दाखवायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. लागते ती चांगली प्रत, आणि चांगली प्रत असली तर ती संग्रहालयातच असण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली केंद्र सरकारने जतन आणि पुनरुज्जीवनासाठी शेकडो कोटींची तरतूद केली आहे. त्यातून दुरुस्त झालेला मराठी चित्रपट एखाद्या महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा तळघरात जाणार असेल, तर ती दुरुस्ती कोणासाठी केली, हे राज्य सरकारने केंद्राला विचारायला हवे. राष्ट्रीय पुरस्कारांतले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवणारे मराठी चित्रपट आजवर पाच: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. हे पाच तरी एका ठिकाणी, कायमचे, कोणालाही पाहता येतील अशी व्यवस्था आपल्याकडे नसावी?

आणि ते पाहता येणे म्हणजे समजणेही आले. आत्याला एका कानाने फार कमी ऐकू येते. तिला खाली मराठी अक्षरे हवी होती आणि महिनाभरात मराठी चित्रपटांखाली आम्हाला मिळाली ती जवळपास सगळी इंग्रजी. तिला इंग्रजी वाचता येते, पण वऱ्हाडी किंवा मालवणी बोलीतला संवाद ऐकू न आल्यावर त्याचे सपाट इंग्रजी वाचून हाती काय लागणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 42व्या कलमाने दृकश्राव्य माध्यमांत उपशीर्षके, सांकेतिक भाषा आणि दृश्यवर्णन यांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, म्हणजे ही मागणी दयेची नाही. तिचा फायदा कर्णबधिरांपुरताही राहत नाही. टोरांटोत वाढणाऱ्या ज्या मुलाला मराठी ऐकून कळते पण वाचता येत नाही, त्याच्यासाठी ऐकू येणारा शब्द त्याच क्षणी देवनागरीत दिसणे ही उत्तम शिकवणी आहे, आणि इथे नुकत्याच साक्षर झालेल्या प्रौढासाठीही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने भाषेसाठी जे खर्च सुचवले जात आहेत त्यांत मराठी चित्रपटांची मराठी उपशीर्षके माझ्या मते अगदी वरच्या क्रमांकावर यायला हवीत, कारण त्यांचा उपयोग पहिल्या दिवसापासून होईल.

यासाठी राज्य सरकारने नवे ओटीटी व्यासपीठ काढावे असे मी म्हणणार नाही. प्रसार भारतीचे आहे, यूट्यूब आहे. दाखवण्याची जागा हा अडथळाच नाही. अनुदानाच्या शासन निर्णयात एक कलम वाढवावे लागेल: रक्कम निर्मात्याच्या खात्यात जमा होण्यापूर्वी चित्रपटाची कुलूप नसलेली मूळ प्रत आणि मराठी उपशीर्षकांची फाइल महामंडळाकडे आणि पुण्याच्या संग्रहालयाकडे जमा व्हावी, आणि सात वर्षांनंतर ती विनामूल्य दाखवण्याचा हक्क शासनाकडे असावा. याआधी ज्यांना अनुदान मिळाले त्यांच्यावर हे कलम मागे जाऊन लादता येणार नाही. त्यांच्याशी वाटाघाटी करून, थोडा मोबदला देऊन हा हक्क घ्यावा लागेल. पण त्याआधी प्रती वाचवायला हव्यात, आणि कोणाला अनुदान दिले याची नावे सरकारी दप्तरात आहेतच. ती यादी प्रसिद्ध करून प्रत्येक चित्रपटाची मूळ प्रत आज कोणाकडे, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद तिच्यासमोर करण्याचे काम याच आर्थिक वर्षात, आहे त्या कर्मचाऱ्यांकडून सुरू करून घेता येईल.